चीफूमध्ये मालकाची नोकरी

माणसं आपण चीनला का आलो याची मोठमोठी कारणं सांगतात. कुणाला धर्म सांगायचा असतो, कुणाला रेशीम विकत घ्यायचं असतं, कुणाला घरी राहिलेल्या बायकोचं तोंड पाहायचं नसतं. मी एका दाढेमुळे आलो. खालची, डाव्या अंगाची, शेवटून दुसरी.

माझं नाव झीनस थॅक्स्टर. गाव हिंगम, बोस्टनच्या खाली, खाडीच्या काठाला. आमच्या गावात लाकडी बादल्या होतात आणि गावाला अभिमान वाटावा असं दुसरं काही तिथे नाही. बाप बादल्या करायचा, आजा बादल्या करायचा. यादवी युद्धात मी दोन वर्षं उत्तरेच्या फौजेत होतो, तिथेही घोड्यांना पाणी पाजायच्या बादल्याच केल्या. शत्रू मी एकदाच पाहिला, तोही पाठमोरा. घरी परतल्यावर मला वाटायला लागलं की आपल्यात काहीतरी मोठं दडलेलं आहे. ते काय, हे मला आजतागायत सापडलेलं नाही. पण त्या वेळी खात्री होती, म्हणून पिंपं दुरुस्त करणारा सुतार म्हणून एका मालवाहू जहाजावर चढलो.

१८६७च्या शरदात जहाज चीफूच्या बंदरात लागलं तेव्हा माझा गाल भोपळ्याएवढा झाला होता. कप्तान म्हणाला, "संध्याकाळच्या आत दाढ काढून ये. भरती कुणासाठी थांबत नसते." मी बंदरावरच्या, दर्याच्या देवीच्या देवळाजवळ गेलो. तिथे गळ्यात दातांची माळ घातलेला एक वैदू बसायचा. त्याने आधी वाडगाभर ज्वारीची दारू दिली. तो पकड शोधायला आत गेला, तेवढ्यात मी दुसरा वाडगा घेतला. मग त्याने दाढ उपटली. ती शेजारची निघाली, चांगली धडधाकट. त्या दुःखात मी तिसरा वाडगा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तेव्हा मी टेकडीवर चढून पाहिलं. माझं जहाज क्षितिजावर बोटाच्या पेराएवढं दिसत होतं. माझ्याजवळ अंगावरचे कपडे होते, तोंडात दुखरी दाढ होती, आणि खिशात न दुखणारी.

बंदरामागच्या गल्लीत बिबियाना दा लूझ नावाच्या बाईचं खाणावळीवजा घर होतं. ती मकावची, पोर्तुगीज आणि चिनी अशा दोन्ही रक्ताची. पहिला नवरा जहाजांना बंदरात वाट दाखवायचा आणि स्वतः एका वादळात वाट चुकला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि समोरच्या माणसाकडे बाजारातल्या मासळीकडे पाहावं तसं पाहायची सवय.

"काय येतं तुला?" तिने विचारलं.

"बादल्या करता येतात."

"मला बादल्या नकोत. छप्पर गळतंय. ते येतं का?"

मी म्हटलं, "बाई, छप्पर म्हणजे पालथी बादलीच की."

या वाक्यावर तिने मला ठेवून घेतलं. छप्पर पुढे एकोणीस वर्षं गळलं, आणि त्या एकोणीस वर्षांत, घरात पाहुणे असोत की नसोत, पाऊस आला की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "बादली भरली का रे, थॅक्स्टर?"

त्या घरात स्वयंपाकाला लुआन होता. पेंगलायकडच्या एका खेड्यातला, उंच, हाडकुळा, मान नेहमी जरा वाकडी. धूर चुकवायची सवय. तो बोलायचा कमी आणि ऐकायचा सगळं. मी त्याची भाषा शिकलो ती त्याच्याचकडून, आणि माझी भाषा ऐकून तुम्ही त्याला दोष देऊ नये एवढीच विनंती. इकडच्या शांतुंग प्रांताच्या बोलीत रस्सा आणि साखर हे दोन शब्द एकच आहेत, फक्त सूर वेगळा. मला सूर लागत नाही. माझ्या पहिल्या वर्षी गोमांसावर साखर पेरून खाल्लेले खलाशी अजून मांचुरियापर्यंत माझं नाव काढतात.

दोन वर्षांनी मी बिबियानाला मागणी घातली. ती वाटाणे सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"मला नवरा नको आहे," ती म्हणाली. "एक होऊन गेला. पण बंदरावरचे शिपाई येता-जाता दारात बसून चहा मागतात, कोंबड्या उचलून नेतात. घरावर झेंडा असला तर ते येणार नाहीत. माझ्या पोर्तुगालच्या झेंड्याला कोंबड्यासुद्धा भीत नाहीत. तुझा झेंडा केवढा असतो?"

मी हात पसरून दाखवला. जरा जास्तच पसरला.

"चालेल," ती म्हणाली.

असं माझं लग्न अमेरिकेच्या झेंड्याशी झालं आणि मी त्याच्या खांबासारखा त्या घरात उभा राहिलो. लगेच मी घराला हॉटेल म्हणायला सुरुवात केली. पाटी रंगवली. चिनी अक्षरांतही नाव हवं म्हणून देवळाबाहेरच्या पत्रलेखकाकडे गेलो. थॅक्स्टर हे नाव त्याच्या तोंडात बसेना. तीन-चारदा पुटपुटून त्याने तीन अक्षरं लिहून दिली, ताय-क-श. त्याचा अर्थ होतो 'सुखाची धर्मशाळा'. नाव इतकं चपखल निघालं की गावाने ते घराचंच धरलं, माणसाचं नाही. माझं स्वतःचं नाव कुणी विचारलंच नाही. रस्त्यात मला थांबवायचं झालं की भाजीवाल्या म्हणायच्या, "अहो धर्मशाळा, मुळे घेता का?"

हॉटेल चाललं. उन्हाळ्यात शांघायहून गोरी माणसं समुद्रस्नानाला यायची, आमच्या आरमाराची जहाजंही उकाडा चुकवायला चीफूतच येऊन पडायची. मी वाळूवर कपडे बदलायला पाइनच्या आठ टुमदार खोल्या उभ्या केल्या. काळा कोट घालून दारात उभा राहायचो, मान हलवायचो, हवेबद्दल दोन शब्द बोलायचो. बिबियाना खोल्या, चादरी, धोबी, नोकर सगळं पाहायची. जेवण लुआन पाहायचा. संध्याकाळी खुर्चीत बसताना मी म्हणायचो, "दमलो बुवा." त्यावर दोघं एकमेकांकडे पाहायची. मी त्याला आदर समजायचो.

सगळ्यांत मोठी फजिती झाली ती दुष्काळात. १८७६ साली पाऊस झालाच नाही. वसंतात गहू करपला, शरदात ज्वारी हाताच्या उंचीची राहून वाळली. पानं गळायच्या सुमाराला आतल्या जिल्ह्यांतून माणसं चीफूकडे चालत येऊ लागली. मला दिसत होती, नव्हती असं नाही. पण दिसणं आणि पाहणं यांत फरक असतो, आणि मी त्या वेळी पुढच्या उन्हाळ्यासाठी व्हरांड्याला कोणता हिरवा रंग द्यावा या विचारात होतो.

एका सकाळी रेव्हरंड पेटिंगिल आले. हे मिशनरी गृहस्थ सात वर्षांत आमच्याकडे एकदाच पाहुणे म्हणून उतरले होते, आणि माझ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर नेहमी पायरीवर चिखल दिसल्यासारखा भाव असायचा. त्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"थॅक्स्टर, तुमच्याबद्दल माझा अंदाज साफ चुकला होता."

कशाबद्दल ते मला कळेना, पण मी नम्रपणे मान खाली घातली.

"रोज दोनशे माणसं," ते म्हणाले. "तीन आठवडे. आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाहीत."

"त्यात सांगायचं काय," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. सांगायला मला काही ठाऊकच नव्हतं.

ते डोळे पुसत गेले आणि मी धावत मागच्या अंगणात गेलो. मालक असून तीन आठवड्यांत मी मागच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. तिथे कपडे धुवायची मोठी कढई चुलीवर होती, लुआन बाह्या वर करून ढवळत होता, बिबियाना माप घेऊन उभी होती, आणि मागच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत माणसं बसली होती. एवढी माणसं आणि आवाज जवळजवळ नाही. पण मी मालक होतो.

"हे काय चाललंय?" मी लुआनला विचारलं.

"राळ्याची पेज."

"राळे कुणाचे?"

"तुमचे."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं, मालक." त्याने ढवळणं थांबवलं नाही. "दारात माणसं येतायत, त्यांना काय द्यायचं म्हणून. तुम्ही म्हणालात, साखर द्या. मी बाईसाहेबांना म्हटलं, मालकांचं मन मोठं आहे, पण साखरेनं पोट भरायचं नाही. मग त्यांनीच राळे काढून दिले."

म्हणजे मी रस्सा म्हणायला गेलो होतो आणि सूर चुकला होता. कदाचित तेही नीट ऐकून म्हटलं नसेल. तंद्रीत मान हलवली असेल. बिबियाना माझ्याकडे पाहत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या नजरेत चेष्टा नव्हती. ती वाट पाहत होती, मी आता काय बोलतो याची.

माझ्या तोंडून काही शहाणपणाचं निघालं असतं तर इथे लिहिलं असतं. मी विचारलं, "ही बाई हात पसरून का बसली आहे?"

"वाडगा नाही तिच्याकडे," लुआन म्हणाला. "वाटेत विकला. ओंजळीत गरम पेज घेता येत नाही, म्हणून निवायची वाट बघतेय. खालच्या गल्लीत तर चालताही न येणारे पडलेत. त्यांच्यापर्यंत न्यायला माझ्याकडे एक घागर आणि दोन पाय आहेत."

मग मात्र मला समजलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला येत असलेल्या गोष्टीची गरज सांगत होतं.

लाकूड मिळत नव्हतं. लोकांनी घरांचे वासेसुद्धा जाळले होते. मी वाळूवर गेलो आणि माझ्या आठ टुमदार खोल्यांपैकी पहिलीचं दार उचकटलं. पुढच्या आठ दिवसांत आठही उतरवल्या. व्हरांड्यात खोड मांडलं, रंधा आणि वाकस घेतली आणि बादल्या करायला बसलो. हिंगममध्ये बापाने माझी पहिली बादली पाण्याने भरून दाखवली होती. ती दोन मिनिटांत रिकामी झाली होती. पण हातांना तेव्हाचं सगळं आठवत होतं. फळीला किती बाक द्यायचा, तळ कुठे बसवायचा. उरलेल्या तुकड्यांचे वाडगे केले, ओबडधोबड, पण तळ असलेले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रांगेतला एक म्हातारा उठून व्हरांड्यात आला. लायांगचा, यू आडनावाचा. त्याने माझी एक बादली उचलली, बोटाच्या सांध्याने ठोकून पाहिली, कान लावला आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी ओळखलं, हा आपल्यातला. त्याने मी ठोकलेली लोखंडी पट्टी काढून टाकली, बांबूची कांब चिरून तिचा वेढा विणला आणि बादली माझ्यापुढे ठेवली.

"हे कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं.

"वडिलांनी."

"वडील घाईत होते वाटतं."

आम्ही दोघं सात आठवडे शेजारी बसून काम करत होतो. तो दिवसातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यांतली तीन माझ्या कामावर असायची. मी केलेल्या कडेवर बोट फिरवून तो म्हणायचा, "ही बदकाला आंघोळीला दे." दुपारी आम्ही पेज प्यायचो. मी माझ्या खुर्चीत बसून वेगळं जेवायला जात नसे, हे माझ्याही पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं. त्या वर्षी समुद्राकाठी बर्फ धरला, गल्लीत रोज सकाळी कुणीतरी उठायचं राहून जायचं, लुआन आणि मी त्यांना टेकडीमागे नेऊन पुरायचो. आणि तरीही सांगतो, लाज वाटते पण सांगतो, माझ्या आयुष्यात काम करताना मी सुखी होतो तो तेवढाच एक हिवाळा.

यू म्हातारा नव्या वर्षाच्या सणानंतर नवव्या दिवशी गेला. त्याच्या मांडीवर अर्धी विणलेली कांब होती. मी ती पुरी करायला बसलो. जमली नाही. तीनदा सुटली. लुआन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "राहू द्या, मालक. त्यांना चालली नसती." त्याने पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

सुगी परत आली ती पुढच्या वर्षी. ती उरकल्यावर एक दिवस बातमी आली की पेंगलायकडची पाच गावं मिळून सन्मानाची पाटी घेऊन येत आहेत. काळ्या लाखेची, सोनेरी अक्षरांची, मिरवत आणायची. रेव्हरंड पेटिंगिलनी मला आठवडाभर आधीच सांगितलं. मी भाषण तयार केलं. सूर चुकू नयेत म्हणून लुआनच्या मागे लागून पाठ केलं. तो बिचारा खालमानेने दुरुस्त्या सांगत होता.

"इथे 'मी अपात्र आहे' असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"हो."

"तुम्ही 'मी पोटभर जेवलो' म्हणताय."

ठरल्या दिवशी मी काळा कोट घातला, मिशांना मेण लावलं, पहिल्या पायरीवर उभा राहिलो. आमच्या देशाच्या कॉन्सलच्या कचेरीतली माणसंही पाहायला आली होती. ढोल, झांजा, फटाके. पाटी चौघांनी खांद्यावर धरलेली. पुढे गावचा म्हातारा मुखिया. मी दोन्ही हात पुढे केले आणि तोंड उघडलं. मुखियाने मला अदबीने वाकून नमस्कार केला, जरा बाजूला व्हायची खूण केली, आणि सगळी मिरवणूक माझ्या शेजारून, माझ्या जेवणघरातून, सरळ स्वयंपाकघरात गेली.

मी पायरीवर एकटा, हात पुढे केलेले. कॉन्सलच्या कारकुनाने खोकून आभाळाकडे पाहिलं. आतून लुआनचा आवाज येत होता, "अहो, नको, इथे नको, पीठ सांडेल." बिबियाना जिन्यावर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, बाई भारावली. ती हसत होती.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही फुगून बसलो. संध्याकाळी ती माझ्या खुर्चीजवळ आली.

"राग आला का रे?"

"मला कशाला राग येईल," मी म्हणालो. "आठ खोल्या मोडल्या त्या काय उगाच."

"मोडल्यास. हातांची सालं गेली, तेही पाहिलं मी. पण थॅक्स्टर, तुला कुणी येऊन सांगितल्यावर तू उठलास. लुआनभाऊंना कुणी सांगावं लागलं नाही. फरक एवढाच आहे. लहान नाही, पण एवढाच." मग जराशाने म्हणाली, "आणि मिशांना मेण लावल्यावर तू खारीसारखा दिसतोस, ते वेगळं."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि पाटीवरच्या चार अक्षरांचा अर्थ लुआनला विचारला. तो कांद्याची पात चिरत होता. म्हणाला, "जेवण बरं होतं, असं काहीतरी आहे." खरा अर्थ पत्रलेखकाने पुढे सांगितला, पण मी लुआनचाच धरून चालतो.

बिबियाना १८८६च्या वसंतात गेली. छातीत कफ साचला होता, तीन आठवडे पडून होती. पडल्या पडल्याही कोणत्या चादरींना गंजाचे डाग आहेत ते सांगत होती. शेवटच्या दिवसांत मला म्हणाली, "लुआनभाऊंच्या मध्ये पडू नकोस. आणि कोट झटकून घालत जा." मी हो म्हटलं. बाकी नवरा-बायको जे बोलतात ते आम्ही फारसं कधी बोललोच नाही. ते मी टेकडीवरच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत, ती गेल्यावर, एकट्यानेच बोललो. ऐकायला कुणी असताना जे जमलं नाही ते नसताना छान जमलं.

त्यानंतर घर खायला उठलं. मला वाटू लागलं, आपलं इथे काय आहे, आपण हिंगमचे. वीस वर्षांत हिंगमची आठवण आली नव्हती, ती एकदम दाटून आली. मी हॉटेल लुआनला आणि त्याच्या दोन चुलतभावांना विकलं. कागदावर सह्या झाल्या आणि मी झेंडा उतरवून त्याची घडी घातली.

"झेंडा तुमचा, तो न्या," लुआन म्हणाला. "दांडा राहू द्या. चादरी वाळत घालायला बरा पडेल."

बंदरावर तो मला सोडायला आला. लायांगच्या पेअरची टोपली हातात दिली. "वाटेत खा," म्हणाला. "तिकडे काय मिळतं कुणास ठाऊक."

हिंगममध्ये माझी बहीण टॅबिथा विधवा होऊन बापाच्या घरात राहत होती. तिने मला माडीवरची खोली दिली. पहिल्या रविवारी चर्चमध्ये मला चीनबद्दल बोलायला उभं केलं. मी दुष्काळाबद्दल, पेजेबद्दल बोललो. शेवटी एकाने विचारलं, "ते लोक उंदीर खातात म्हणे?" दुसऱ्याने विचारलं, "तिथे मोठा धंदा होता म्हणता, मग परत का आलात?" बादल्यांचे कारखाने यंत्रांवर चालत होते. मी एका कारखान्यात जाऊन हाताने विणलेल्या बांबूच्या वेढ्याबद्दल फोरमनला सांगू लागलो. तो घड्याळ बघत म्हणाला, "आजोबा, सांभाळून, पट्ट्यात कोट अडकेल." मी पंचेचाळीस वर्षांचा होतो.

टॅबिथा आठवड्यातून चारदा खारवलेलं गोमांस आणि कोबी उकडायची. मी एकदा कांद्याची कच्ची पात आणि व्हिनेगर मागितलं, तिने डॉक्टरला बोलावलं. सकाळी उठून मी शेजारच्या कुत्र्याला शांतुंगच्या बोलीत विचारायचो, जेवलास का. तेवढाच माझा बोलका शेजारी होता. अकरा महिने असे गेल्यावर एका दुपारी टॅबिथाने शिवण खाली ठेवलं.

"झीनस, तू तिकडे नक्की काय करायचास?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "दारात उभा राहायचो."

"मग इथल्या दारात उभा राहा."

"इथे कुणी येत नाही."

तिने शिवण पुन्हा मांडीवर घेतलं. वाईट नव्हती ती, सरळ होती. "मग तू जा," ती म्हणाली. "मलाही कोबी एकटीपुरता शिजवायला बरा पडतो."

चीफूच्या धक्क्यावर उतरलो तो उन्हाळा होता. आमच्या आरमाराची चार जहाजं बंदरात होती. मला वाटलं, हॉटेल गजबजलेलं असेल. पण व्हरांडा रिकामा. लुआन दारात उभा होता. अंगावर नवा रेशमी झगा, चेहऱ्यावर त्रास. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही, निदान त्याने दाखवलं नाही.

"बारीक झालात," तो म्हणाला.

"कोबी. पाहुणे कुठे आहेत?"

"येतात. दारात मला बघतात. विचारतात, मालक कुठाय? मी म्हणतो, मीच मालक. मग ते हसतात आणि इंग्रजाच्या हॉटेलात जातात." त्याने मान आणखी वाकडी केली. "खोल्या त्याच, जेवण तेच. दोन उन्हाळे झाले. चुलतभाऊ म्हणतात, दाणापेंडीचं गोदाम करून टाकू."

मी बोचकं खाली ठेवलं.

"काळा कोट आणलाय का?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग ऐका. सहा नंबरची खोली, तीन वेळचं जेवण, वर्षाला दोन जोडी बूट. काम पूर्वीचंच. दारात उभं राहायचं, मान हलवायची, हवेचं बोलायचं. कुणी काही विचारलं तर 'बघतो' म्हणायचं आणि मला येऊन सांगायचं. स्वतः काही ठरवायचं नाही."

"पूर्वी मी ठरवत होतो, लुआनदादा," मी म्हणालो.

त्याने इतक्या सौजन्याने विषय बदलला की माझ्या उरल्यासुरल्या शंका मिटल्या. "कोट झटकून घाला," तो म्हणाला. "बाईसाहेब नेहमी सांगायच्या."

त्याला आता चार वर्षं झाली. धंदा चांगला चालतो. गोरे पाहुणे मला मालक म्हणतात, गाव मला धर्मशाळा म्हणतं, आणि लुआनदादाचे चुलतभाऊ मला काय म्हणतात ते मी विचारत नाही. दर रविवारी टेकडीवर जाऊन येतो. हिवाळ्यात पाहुणे नसले की मी मागच्या अंगणात बसून बादल्या करतो. बांबूचा वेढा आताशा दुसऱ्या प्रयत्नात बसतो.

गेल्या श्रावणात आमच्या आरमारातला एक कप्तान माझ्यावर खवळला. भाजलेलं मटण कच्चं होतं म्हणाला, आणि तुमच्या त्या चिन्याची माझ्यादेखत हजेरी घ्या. मी भुवया आवळल्या. म्हटलं, "कप्तान, हे माझ्यावर सोडा. माणूस जुना आहे, पण आज त्याची गय करणार नाही." ताडताड पावलं टाकत स्वयंपाकघरात गेलो आणि मागे दार धाडकन लावलं.

"काय झालं?" लुआनदादाने विचारलं.

"मटण कच्चं आहे."

"त्यानेच घाई केली. बसा."

त्याने माझ्यापुढे सुरमई भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं ताट ठेवलं, काळ्या व्हिनेगरची वाटी ठेवली. मी एकेक करून सावकाश खाल्ल्या. त्याने मटणाचा तुकडा परत निखाऱ्यावर धरला आणि मधूनच, जेवणघरात ऐकू जाईल अशा बेताने, एक पातेलं भिंतीवर आपटलं. मग मी तोंड पुसलं, कोट झटकला, चेहऱ्यावर राग चढवला आणि कप्तानाला जाऊन सांगितलं की स्वयंपाक्याला मी चांगलाच झाडला आहे.

"तुम्ही फार कडक दिसता," कप्तान म्हणाला.

मी म्हटलं, "काय करणार, हॉटेल चालवायचं म्हणजे व्हावंच लागतं."